कोलोरॅडोच्या घळईत ओल्या काचेवर

अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल २४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर स्टेशनवरून निघाला, तेव्हा चार होड्या होत्या आणि त्याला धरून दहा माणसं होती. कॅमेरा मात्र नव्हता. ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्यांवरून सुमारे हजार मैल उतरून ३० ऑगस्टला व्हर्जिन नदीच्या मुखाशी पोचले ते सहा जण आणि दोन होड्या. ग्रँड कॅन्यनमधून पाण्याच्या वाटेने जाता येतं हे सिद्ध झालं. आत काय दिसतं ते मात्र शब्दांतच सांगावं लागत होतं. मैलभर खोल घळईचं वर्णन ऐकून लोक माना डोलवतात, पण सरकारी तिजोरीतून पुढच्या मोहिमेसाठी पैसे काढायला तेवढं पुरत नाही. २२ मे १८७१ रोजी पॉवेल त्याच जागेवरून पुन्हा निघाला, तेव्हा तीन होड्यांच्या सामानात कॅमेरे, काचा आणि रसायनांच्या बाटल्या होत्या. त्या वर्षी कॅमेरा घेऊन नदीत उतरणं म्हणजे काय करणं होतं, हे कळलं की ते जुने फोटो वेगळेच दिसायला लागतात. त्या फोटोंतलं जवळजवळ सगळं, आणि त्यांत नसलेलंही बरंच काही, रसायनं आणि नदी या दोघांनी मिळून ठरवलेलं आहे.

आधी रसायनं पाहू. १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत जाहीर केली आणि पुढची तीसेक वर्षं जगभर तीच चालली. तिचं नाव वेट कलोडियन. तिची एक अट इतकी जाचक होती की बाकीचं सगळं तिच्याभोवती बांधावं लागे: काचेवर थर ओतण्यापासून फोटो डेव्हलप होईपर्यंत काच ओलीच राहिली पाहिजे. थंड, दमट हवेत त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं मिळत. कोरड्या, तापलेल्या घळईत त्याच्या निम्मीही मिळतील की नाही, याची शाश्वती नसे.

काच तयार करायची ती अशी. आधी तिच्या कडा घासून बोथट करायच्या, नाहीतर हात कापतो आणि कडेवरून थर सुटतो. मग ट्रिपोली या घासायच्या दगडाची बारीक पूड अल्कोहोलमध्ये कालवून दोन्ही बाजू घासायच्या आणि कोरड्या फडक्याने पुसायच्या. काचेवर फुंकर घातली की वाफ सगळीकडे सारखी बसली पाहिजे. जिथे ती वेगळी बसते तिथे डाग आहे आणि तो डाग फोटोत येणार. पुष्कळ जण काचेच्या कडेने अंड्याच्या पांढऱ्याचा बारीक पट्टा फिरवून ठेवत, म्हणजे थर काठाला घट्ट धरून राहतो.

आता कलोडियन. गनकॉटन, म्हणजे नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात मुरवलेला कापूस, ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळवला की एकतारी पाकासारखा द्रव होतो. त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइडचे क्षार घालतात. एका हाताच्या बोटांवर काच आडवी तोलून धरायची, मधोमध द्रव ओतायचा आणि काच हलकेच कलवून तो एकापाठोपाठ एक चारही कोपऱ्यांत न्यायचा. उरलेला शेवटच्या कोपऱ्यातून परत बाटलीत. पाच बाय आठ इंचांच्या काचेला पंधरा-वीस मिलिलिटर पुरतो. परत जाणाऱ्या द्रवाच्या उभ्या रेषा उमटू नयेत म्हणून काच त्या वेळी डावी-उजवी डोलवत ठेवायची. दहा-पंधरा सेकंदांत थर चिकट होतो. कोपऱ्याला बोट लावून पाहायचं: ठसा उमटला पण बोटाला काही लागलं नाही, तर काच तयार.

इथून पुढे अंधार. काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तीन ते पाच मिनिटं बुडवायची. द्रावणात चांदीचा क्षार साधारण आठ टक्के. थरातले आयोडाइड-ब्रोमाइड चांदीशी जुळतात आणि पारदर्शक थर दुधी होतो. आता तो प्रकाशाला संवेदनशील झाला. अंधार म्हणजे ठार काळोख नव्हे. हा थर निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच ओळखतो, पिवळ्या-नारिंगी प्रकाशाला जवळजवळ आंधळा असतो. म्हणून तंबूला पिवळ्या-नारिंगी कापडाची खिडकी ठेवली की आत काम करता येतं. काच निथळून, मागची बाजू पुसून, प्रकाशबंद होल्डरमध्ये घालायची, कॅमेऱ्यापाशी धावत न्यायची आणि लेन्सवरची टोपी काढायची. आजच्या हिशोबात या थराचा आयएसओ, म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद द्यायचा वेग, साधारण १ भरतो. म्हणजे लख्ख उन्हात लेन्सचं तोंड एफ/१६ इतकं बारीक ठेवलं तर एक सेकंद, एफ/३२ इतकं आणखी बारीक केलं तर चार. घळईच्या सावलीत काही मिनिटंही. शटर नव्हतंच. टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी लावायची.

परत तंबूत. डेव्हलपर म्हणजे पाण्यात हिराकस, थोडं ॲसिटिक आम्ल आणि थोडं अल्कोहोल. तो काचेच्या एका कडेवरून एकाच झपाट्यात असा सोडायचा की पूर्ण काच झाकली जाईल आणि एक थेंबही खाली पडणार नाही. खाली पडणाऱ्या द्रवाबरोबर पृष्ठभागावरची चांदी जाते आणि तेवढा भाग फिका येतो. मध्येच ओघ थांबला तर तिथे कायमची रेघ. पंधरा ते तीस सेकंदांत प्रतिमा उगवते आणि त्याच क्षणी भरपूर पाणी ओतून ती थांबवायची. मग हायपो (सोडियम थायोसल्फेट) किंवा पोटॅशियम सायनाइडने उरलेला चांदीचा क्षार काढून टाकायचा. सायनाइड झटपट काम करतं आणि धुवायला पाणी कमी लागतं, म्हणून फिरतीवरच्या पुष्कळ फोटोग्राफरांना ते आवडे. ते जालीम विष आहे आणि आम्लाशी गाठ पडली की विषारी वायू सोडतं. डेव्हलपरमध्ये तर आम्लच असतं, म्हणून आधी काच नीट धुवायलाच हवी. शेवटी काच सुकवून, कोमट करून, सँडरॅकच्या राळेचं व्हार्निश लॅव्हेंडरच्या तेलासह ओतायचं. व्हार्निश नसेल तर नखानेही थर निघून येतो.

काच ओली का ठेवायची? ईथर-अल्कोहोल उडून गेलं की कलोडियनचा थर पाण्याला दाद न देणाऱ्या पापुद्र्यासारखा घट्ट होतो आणि डेव्हलपर आत शिरतच नाही. शिवाय वर राहिलेल्या सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक व्हायला लागतात आणि थराला भोकं पाडतात. म्हणून अंधारी खोली कॅमेऱ्यापासून दोन-चार मिनिटांच्या अंतरावर हवी. शहरात हे सोपं. नदीच्या तळाशी, उभ्या कड्यांमध्ये, खोली पाठीवर घेऊनच चढावं लागे.

१८७१ च्या मोहिमेत हे काम न्यूयॉर्कहून आलेल्या ई. ओ. बीमनकडे होतं आणि मदतीला पॉवेलचा चुलतभाऊ क्लेम पॉवेल. ‘एमा डीन’, ‘नेली पॉवेल’ आणि ‘कॅन्योनिटा’ या तीन होड्यांपैकी बीमन तिसरीत असे. होड्या सुमारे बावीस फूट लांब, पाणी आत शिरू नये असे बंदिस्त कप्पे असलेल्या. घळई वरून पाहायची तर सामान कड्यावर न्यावं लागे. फ्रेडरिक डेलनबॉ या मोहिमेत सतरा वर्षांचा चित्रकार म्हणून होता. त्याने पुढे लिहून ठेवलं आहे की कॅमेऱ्याची पेटी जड, रसायनं आणि काचांची पेटी त्याहून जड आणि या दोन्हींना हलकं ठरवणारी होती ती अंधाऱ्या खोलीची पेटी. रस्त्यावर वाजवायच्या हँड ऑर्गनसारखी दिसणारी ही पेटी पाठीवर बांधून शेकडो फूट, कधी हजारो फूट चढवावी लागे. तिला सगळे वैतागलेले होते.

वजनाचा अंदाज आपणच करू. दोन मिलिमीटर जाडीची पाच बाय आठ इंचांची एक काच सुमारे १३० ग्रॅम भरते. शंभर काचा म्हणजे तेरा किलो. दहा बाय बारा इंचांच्या शंभर काचा एकोणचाळीस किलोच्या आसपास. लाकडी खाचांच्या पेट्या वेगळ्या, सिल्व्हर नायट्रेटची उभी टाकी वेगळी, ईथर, अल्कोहोल, हायपोच्या बाटल्या वेगळ्या. छोटी काच घेऊन नंतर मोठा फोटो काढू, ही सोय जवळपास नव्हतीच. फोटो छापायचा अल्ब्युमेन कागद, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद, इतका मंद की निगेटिव्ह त्याच्यावर थेट ठेवून उन्हात छापावा लागे. काच जेवढी, फोटो तेवढाच. मोठा फोटो हवा तर मोठी काच वाहायची.

आता नदीने काय केलं ते. कोलोरॅडोचं नाव तिच्या तांबूस गढूळ पाण्यावरून पडलं आहे. धरणं होण्याआधी ते पाणी गाळाने भरलेलं असे. डेव्हलपर थांबवायला तेच ओतलं तर वाळूचे कण ओल्या थरात रुततात, सुकल्यावर निघत नाहीत आणि छापताना प्रत्येक कणाचा ठिपका येतो. म्हणून पाणी आधी भांड्यात निवळत ठेवायचं किंवा बाजूच्या ओढ्याचं स्वच्छ पाणी शोधायचं. पाण्यात मीठ असेल तर दुसरी भानगड: क्लोराइड चांदीशी जुळून पांढरा साका बसतो आणि द्रावण दुबळं होतं. दगड-मातीतला अल्कली द्रावणात गेला तर काच पूर्ण धुरकट येते, आणि ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी खोड. तिच्यावर उपाय नायट्रिक आम्लाचे काही थेंब. द्रावणात थोडंसं आम्ल असलंच पाहिजे, पण जास्त झालं की संवेदनशीलता घटते. किती थेंब ते अनुभवच सांगतो.

सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचं आयुष्य हा सगळ्या कामाचा कणा. प्रत्येक काच बुडवली की थोडं कलोडियन, थोडं ईथर-अल्कोहोल, धूळ, बोटांवरचा मळ त्यात उतरतो. पाच-पन्नास काचांनंतर ते थकतं आणि चित्रावर धूमकेतूसारख्या शेपटीचे ठिपके यायला लागतात. मग द्रावणात किंचित खाण्याचा सोडा घालून ते बाटलीत उन्हात ठेवायचं. सेंद्रिय मळ काळा होऊन तळाशी बसतो. गाळून घ्यायचं, उकळून ईथर-अल्कोहोल घालवायचं, पुन्हा आम्ल करायचं, चांदी कमी पडली तर घालायची. यात दिवस-दोन दिवस जातात. मोहीम मुक्कामाला थांबली असेल तरच हे शक्य. म्हणून फोटोंची संख्या सलग वाढत नाही: एका मुक्कामात ढीगभर, मग कित्येक मैल काहीच नाही.

उष्णता हा वेगळाच शत्रू. ईथर ३४.६ अंशांना उकळतो, आणि घळईच्या तळाशी उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. थर काचेवर पसरायच्या आतच एका कोपऱ्यात सुकतो, दुसऱ्यात ओला राहतो. उपाय म्हणजे कलोडियनमध्ये ईथर कमी आणि अल्कोहोल जास्त, काचा सावलीत ठेवणं, होल्डरवर ओलं फडकं. तरी कडेने शिंपल्यावरच्या नक्षीसारखे डाग येतातच. थर काठाकडून सुकायला लागल्याची ती खूण. डेव्हलपर तापला तर प्रतिमा पाच सेकंदांत उगवून धुरकट होते. आणि सगळ्यांत धोक्याचं म्हणजे ईथरची वाफ. ती हवेहून जड, जमिनीलगत साचते. बंद तंबूत काम आणि मेणबत्ती यांचं जमत नाही, म्हणूनच खिडकीतून उजेड घेण्यावर भर.

एवढ्या खटपटीत माणसं टिकली नाहीत यात नवल नाही. १८७१ च्या शरद ऋतूत शिधा कमी पडला आणि पॉवेलने ‘कॅन्योनिटा’ डर्टी डेव्हिल नदीच्या मुखाशी लपवून ठेवली. पुढच्या हिवाळ्यात बीमन पॉवेलशी भांडून गेला. क्लेमला कॅमेरा देऊन पाहिला, जमलं नाही. १८७२ मध्ये सॉल्ट लेक सिटीतून जेम्स फेनेमोर आला. त्याने जॅक हिलर्सला शिकवलं. हिलर्स मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, मोहिमेत आला होता वल्ही मारायला. ‘कॅन्योनिटा’ परत आणताना ग्लेन कॅन्यनमध्ये हे दोघे सोबत होते. फेनेमोर उन्हाळ्यात आजारी पडून परतला आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मार्बल कॅन्यन आणि ग्रँड कॅन्यनच्या वरच्या भागातले फोटो हिलर्सने एकट्याने काढले. पाणी चढलेलं होतं, पुढे धोका होता. ७ सप्टेंबर १८७२ रोजी मोहीम कॅनब क्रीक या ओढ्यापाशी पोचली आणि तिथेच नदी सोडून वर आली. वल्हेकऱ्याचा हा फोटोग्राफर पुढे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यासाठी कितीतरी वर्षं काम करत राहिला. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस तोच, कारण त्याला नदी आधी कळली आणि काच नंतर.

त्याच १८७१ मध्ये खालून वर येणारी दुसरी मोहीम होती. लष्करातल्या लेफ्टनंट जॉर्ज व्हीलरने १६ सप्टेंबरला कॅम्प मोहावीहून प्रवाहाच्या उलट्या दिशेने होड्या काढल्या: कुठे वल्ही मारत, कुठे काठावरून दोर लावून ओढत. महिनाभराने ते डायमंड क्रीकपाशी पोचले. त्यात टिमथी ओसलिव्हन होता, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवरच्या फोटोंनी नाव झालेला. त्याला स्वतःची होडी मिळाली, नाव ‘द पिक्चर’. अंधारी पेटी होडीतच. हे खूप शहाणपणाचं होतं: काठाला लागायचं, होडीतच काच तयार करायची, दहा पावलांवर कॅमेरा. त्याची किंमतही मोजावी लागली: फोटो पाण्याच्या पातळीवरचे, खालून वर पाहणारे. ब्लॅक कॅन्यनमधल्या त्याच्या प्रसिद्ध फोटोत ती होडी संथ पाण्यात उभी दिसते, आजूबाजूला काळे कडे. त्या प्रवासातल्या बऱ्याच काचा नंतर हाती राहिल्या नाहीत. काचेवरचा फोटो एकच असतो. ती फुटली किंवा बुडाली की संपलं.

आता हे फोटो उघडून पाहू. आकाश कोरं पांढरं आहे, ढगाचा मागमूस नाही. थर निळ्या प्रकाशाने भडकतो, त्यामुळे खडकाला पुरेल इतका वेळ टोपी काढली की आकाश जळून जातं. त्या दिवशी ढग नव्हते असा अर्थ काढू नये. तांबडे खडक मात्र जवळजवळ काळे. तांबडा रंग थराला दिसतच नाही. ग्रँड कॅन्यनची जी भीषण, काळीकुट्ट प्रतिमा त्या काळात लोकांच्या मनात बसली, तिच्यात रसायनाचा वाटा मोठा आहे. प्रत्यक्षात तिथे उभं राहिलं तर रंग उबदार असतात.

पाणी पाहा. चार सेकंदांत रॅपिडमधल्या, म्हणजे नदीच्या खळाळत्या उतारावरच्या, लाटा हजार वेळा बदलतात, काचेवर उरतो तो एक पांढरा सपाट पट्टा. म्हणून जे रॅपिड होड्या उलटवत होते तेच फोटोत शांत वाटतात. आणि रॅपिडमधून उतरणाऱ्या होडीचा फोटो त्या काळातला एकही का नाही, हेही इथेच कळतं: होडी एका सेकंदात चौकटीबाहेर जाते, शिवाय फोटोग्राफरही एखाद्या होडीतच असतो किंवा सामानासकट काठाने चालत असतो. दिसतात त्या बांधलेल्या होड्या. पॉवेलची खुर्ची मध्यभागी बांधलेली होडी अशीच काठाला लावून टिपलेली आहे. यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता, त्यामुळे तो वल्ही मारत नसे. खुर्चीवर बसून पुढचा प्रवाह वाचत असे.

माणसं कुठे आहेत ते शोधा. कड्याच्या पायथ्याशी कोणीतरी ताठ उभा असतो, बहुधा काठीला किंवा खडकाला टेकून. तो मापासाठी आहे. त्याला सांगितलेलं असतं की हलू नकोस. हलला तर डोक्याच्या जागी धूसर डाग.

एकाच देखाव्याचे शेजारी-शेजारी दोन फोटो दिसतात, ते स्टिरिओ कार्ड: एकेका डोळ्याने एकेक फोटो पाहिला की देखाव्याला खोली येते. कॅमेऱ्याला साधारण डोळ्यांच्या अंतराएवढ्या फरकाने दोन लेन्स, काच एकच. गंमत अशी की लेन्स प्रतिमा उलटी करते, त्यामुळे थेट छापलेल्या कागदावर डावा फोटो उजवीकडे येतो. कागद मधून कापून अदलाबदल करून चिकटवावा लागतो, नाहीतर दरी डोंगरासारखी पुढे आलेली दिसते. आणखी एक मर्यादा: डोळ्यांएवढं अंतर असलं की शंभर मीटरपलीकडचं सगळं सपाटच दिसतं. म्हणून स्टिरिओत जवळ मुद्दाम एखादा दगड, झाड किंवा माणूस ठेवलेला असतो. या कार्डांची विक्री हे पॉवेलच्या मंडळींचं एक उत्पन्नही होतं आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांपर्यंत मोहिमेचं काम पोचवायचं साधनही.

म्हणून सगळ्या फोटोंवर सारखाच भरवसा ठेवू नये. खडकाबाबत ते प्रामाणिक आहेत, माणसांबाबत नेहमीच नाहीत. १८७३ मध्ये हिलर्सने तिथल्या मूळनिवासी कायबाब पायूट लोकांचे जे फोटो काढले, त्यातले पुष्कळ कपडे पॉवेलने दुसरीकडून आणवलेले होते. चित्रकार थॉमस मोरन त्या वेळी तिथे होता आणि मांडणी चित्रकाराच्या नजरेने झाली. तो पोशाख रोजचा होता असं समजून आजही काही ठिकाणी ते छापले जातात.

काचेला उत्तर हळूहळू मिळालं. रिचर्ड लीच मॅडॉक्सने १८७१ मध्येच कलोडियनऐवजी जिलेटिनचा थर वापरायची कल्पना मांडली होती. १८८० च्या आसपास कोरड्या काचा बाजारात सहज मिळायला लागल्या. त्या महिनोन् महिने ठेवता येत, डेव्हलप करणं घरी जाऊन. आता अंधारी पेटी वाहायची गरजच उरली नाही. १८८९ मध्ये डेन्व्हरच्या एका कंपनीला कोलोरॅडोच्या काठाने समुद्रापर्यंत रेल्वे टाकायची होती. फ्रँक ब्राउन आणि इंजिनिअर रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन २५ मे रोजी निघाले. जीवरक्षक जाकिटं घेतली नव्हती. १० जुलैला ब्राउन बुडाला, १५ जुलैला आणखी दोघे. मोहीम थांबली, डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. १ जानेवारी १८९० रोजी मार्बल कॅन्यनमध्ये फोटोग्राफर फ्रँकलिन निम्स फोटोसाठी कड्यावर चढला, घसरून पडला आणि त्याचा पाय मोडला. त्याला कड्यावरून वर ओढून न्यावं लागलं. कॅमेरा स्टँटनने हातात घेतला, त्या कलेची ओळख नसताना. पुढे कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत, २६ एप्रिलपर्यंत, नदीचं वळण दर वळण तो टिपत गेला. त्याला सुंदर फोटो नको होते. रूळ कुठून जाईल ते दाखवायचं होतं. रेल्वे कधी झालीच नाही. पण रसायनांनी नव्हे तर मोजमापाने निवडलेल्या जागांची ती रांग नंतर फार कामाला आली.

१९११ मध्ये एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब हे भाऊ ८ सप्टेंबरला ग्रीन रिव्हरहून ‘एडिथ’ आणि ‘डिफायन्स’ या दोन होड्यांतून निघाले, सोबत चलच्चित्राचा कॅमेरा. १८ जानेवारी १९१२ रोजी ते कॅलिफोर्नियातल्या नीडल्सला पोचले. रॅपिडमधून जाणारी होडी आता कुठे पडद्यावर दिसली. त्यांचा स्टुडिओ ग्रँड कॅन्यनच्या काठावर होता आणि तिथे स्वच्छ पाण्याचीच अडचण होती. सकाळी खेचरांवरून उतरणाऱ्या पर्यटकांचा फोटो काढायचा, काचा घेऊन साडेचार मैल आणि सुमारे तीन हजार फूट खाली इंडियन गार्डनला धावायचं, तिथल्या पाण्याने डेव्हलप करायचं आणि मंडळी परत येण्याआधी वर पोचायचं, हा त्यांचा नेम होता. पाणी या धंद्याला शेवटपर्यंत सोडत नाही.

जुने फोटो आज वैज्ञानिक पुरावा म्हणून वापरले जातात ते पुन्हा त्याच जागेवरून फोटो काढून. १९६८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर आणि हॅल स्टीव्हन्स यांनी बीमन आणि हिलर्सच्या जागा शोधल्या. स्टँटनच्या चारशेहून अधिक जागा रॉबर्ट वेब यांच्या गटाने शंभर वर्षांनी पुन्हा टिपल्या. जागा शोधायची युक्ती साधी आहे. जुन्या चित्रात जवळचा एक दगड आणि त्याच्या मागचं दूरचं टोक, अशा दोन-तीन जोड्या निवडायच्या. जवळचा दगड आपल्याला मागच्या टोकाच्या तुलनेत जुन्या चित्रापेक्षा डावीकडे सरकलेला दिसला तर आपणही डावीकडे सरकायचं. तो खाली दिसला तर आपण खाली यायचं. सगळ्या जोड्या एकदम जुळल्या की कॅमेरा होता ती जागा सेंटिमीटरच्या हिशोबात सापडते. लेन्सची लांबी नंतर ठरवावी. तिने आकार बदलतो, जोड्यांचं नातं नाही. मग सावल्या: महिना तोच हवा आणि वेळही तीच. अर्ध्या तासाच्या चुकीनेही कड्यावरची सावलीची रेघ सरकते. नवशिके इथे घाई करतात आणि दगड जुळला तरी चित्र जुळत नाही.

यातून काय कळलं? खडक बहुतेक ठिकाणी जसेच्या तसे आहेत. काठ मात्र बदलले. स्टँटनच्या चित्रांत पाण्यालगत उघडी वाळू आणि धोंडे, कारण दर वर्षी पूर येऊन झाडझाडोरा धुऊन नेत असे. मार्च १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाची दारं बंद झाली, पूर थांबले, गाळ धरणामागे अडकला. आता त्याच जागी टॅमॅरिस्क आणि विलो या झाडाझुडपांची दाट रांग आहे, आणि वाळूचे बांध कितीतरी ठिकाणी खंगले आहेत. बीमन, फेनेमोर आणि हिलर्स यांनी ग्लेन कॅन्यनमध्ये टिपलेल्या पुष्कळ जागा याच धरणाच्या जलाशयाच्या, लेक पॉवेलच्या, पाण्याखाली गेल्या आहेत. ओसलिव्हनच्या ब्लॅक कॅन्यनमध्ये हूवर धरण उभं आहे. तिथे जुना फोटो हाच उरलेला पुरावा.

हे फोटो पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. ओसलिव्हनचे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहेत, पॉवेलच्या मोहिमेचे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या छायाचित्र संग्रहात, कोल्ब बंधूंचे नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या क्लाइन ग्रंथालयात. सरकारी मोहिमांचे फोटो वापरायला मोकळे आहेत. जेपीईजीऐवजी मोठी टिफ फाइल मिळत असेल तर ती उतरवा आणि मधलं चित्र सोडून आधी कडा पाहा. एका कोपऱ्यात थर नसेल तर फोटोग्राफरने काच तिथे धरली होती. एका बाजूने आलेल्या पुसट लाटांवरून डेव्हलपर कुठून ओतला ते कळतं. बारीक काळे-पांढरे ठिपके पाहून पाणी निवळलं होतं की नाही याचा अंदाज येतो.